फर्नेसचा व्हेंट पाइप बर्फाने बंद झाला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅल्गरी, एडमंटन, विनिपेग, ओटावा, मिनिआपोलिस किंवा अशाच कडाक्याच्या थंडीच्या गावात गॅस फर्नेस (घर तापवणारी गॅसची भट्टी) असलेल्या घरात राहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. आत्ता घरातला कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म वाजत असेल तर पुढचं वाचत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि 911 ला फोन करा.

भिंतीतून प्लास्टिकचे दोन पाइप बाहेर आलेले दिसतात. ते कशाचे?

2 किंवा 3 इंची दोन पाइप शेजारी-शेजारी दिसत असतील तर तुमची फर्नेस कंडेन्सिंग प्रकारची, म्हणजे 90 टक्के किंवा त्याहून जास्त कार्यक्षमतेची आहे. एक पाइप ज्वलनासाठी बाहेरची हवा आत ओढतो, तो इनटेक. दुसरा जळून उरलेले वायू बाहेर टाकतो, तो एक्झॉस्ट. हेच व्हेंट पाइप. कॅनडात घरगुती गॅस फर्नेससाठी 2009 च्या अखेरीपासून किमान 90 टक्के आणि जुलै 2019 पासून किमान 95 टक्के कार्यक्षमता सक्तीची आहे, त्यामुळे तिथल्या नव्या घरांत हेच पाइप दिसतात.

फर्नेस चालू असताना ज्यातून वाफ निघते तो एक्झॉस्ट. इनटेकचं तोंड बहुतेकदा खाली वळवलेलं असतं. ऑक्टोबरातच दोन्हींवर जाड मार्करने नावं लिहून ठेवा. उणे 30 मध्ये मध्यरात्री टॉर्च धरून अंदाज बांधत बसणं नको. तिसरा पाइप असेल तर तो पाणी तापवणाऱ्या टाकीचा असू शकतो, त्यावरही लिहा.

ज्या पाइपातून गरम वायू जातात तो गोठतो कसा?

कारण ते वायू फारसे गरम नसतात, पण भयंकर ओले असतात. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे दीड लिटर पाणी तयार होतं. 60,000 बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप) फर्नेस सलग चालली तर तासाला अडीच लिटरच्या आसपास. जुन्या फर्नेसचा धूर दीडशे अंशांच्या वर असायचा, त्यामुळे हे पाणी वाफेच्या रूपात चिमणीतून निघून जायचं. कंडेन्सिंग फर्नेस त्या वाफेतली उष्णताही काढून घेते, म्हणून एक्झॉस्ट जेमतेम 40-50 अंशांचा उरतो. बरंचसं पाणी फर्नेसमध्येच गळून नाल्यात जातं, उरलेली वाफ पाइपातून जाता जाता भिंतींवर दंव धरते. पाइपाचा शेवटचा तुकडा बाहेरच्या थंडीत असेल आणि ते पाणी मागे वाहून जात नसेल, तर तोंडाशी बर्फाची कडी तयार होते आणि दर फेरीला ती जाड होत जाते.

इनटेकची गोष्ट वेगळी. त्यातून कोरडी, थंड हवा जाते. ती एरवी गोठायचं कारण नाही. इनटेकच्या आत पांढरं भुरभुरीत दंव दिसलं, तर एक्झॉस्टची वाफ परत आत ओढली जाते आहे असं समजा. गोठणारं धुकं किंवा वाऱ्याने उडणारा बारीक बर्फ हे दोन अपवाद.

फर्नेस बंद पडली आहे. पाइपामुळेच, हे कसं ओळखायचं?

थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी इन्ड्यूसर नावाचा छोटा पंखा फिरतो. तो फिरल्याने तयार झालेला दाब प्रेशर स्विच तपासतो. दाब बरोबर असेल तरच इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) लाल होतो आणि गॅस सुटतो. पाइप बंद असला की पंखा घुं-घुं करत राहतो, पुढे काहीच होत नाही, थोड्या वेळाने सगळं थांबतं आणि पुन्हा तोच खेळ सुरू होतो. ही खूण लक्षात ठेवा.

फर्नेसच्या दारावरच्या छोट्या काचेतून कंट्रोल बोर्डचा दिवा लुकलुकताना दिसतो. कोडांचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. कॅरियरच्या बऱ्याच मॉडेलांत 31 आणि गुडमनच्या बऱ्याच मॉडेलांत तीन लुकलुका म्हणजे प्रेशर स्विच मिटत नाही. तरी आपल्या दारावरचा तक्ताच खरा धरा, मॉडेलागणिक फरक असतो.

इन्ड्यूसर फिरतच नसेल तर पाइपाकडे जाऊ नका. आधी थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या, ब्रेकर आणि फर्नेसचं दार नीट बसलं आहे का ते पाहा. ज्योत पेटून काही मिनिटांनी विझत असेल तर बहुधा फिल्टर चोंदला आहे.

पाइप स्वतः मोकळा करायचा क्रम काय?

1. थर्मोस्टॅट बंद करा, मग फर्नेसशेजारचा विजेचा स्विच बंद करा.

2. पाइप जमिनीवरून हाताला येत असेल तरच पुढे जा. छतावर असेल तर बर्फाळ छतावर चढू नका, टेक्निशियनला बोलवा.

3. दोन्ही पाइपांभोवती तीन फूट जागा मोकळी करा. लांबचा बर्फ फावड्याने, पाइपाजवळचा हाताने किंवा मऊ झाडूने. थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतं. फावड्याचा एक ठोसा पाइपाचा कोपर (वळणाचा तुकडा) तडकवायला पुरतो.

4. टॉर्च लावून तोंडात पाहा. सैल दंव बोटांनी किंवा प्लास्टिकच्या उलथन्याने बाहेरच्या दिशेने ओढा, आत ढकलू नका. इनटेकमध्ये आत गेलेला बर्फ वितळून थेट बर्नरच्या कप्प्यात जाऊ शकतो.

5. काही ठिकाणी इनटेकचा टोकाचा कोपर चिकटवलेला नसतो. हाताने सहज फिरत असेल तर तो काढून घरात नेऊन वितळवा आणि त्याच दिशेला परत बसवा. फिरत नसेल तर पिरगाळू नका.

6. घट्ट बर्फ असेल तर हाताला सोसेल इतक्या कोमट, साधारण 40 अंशांच्या पाण्यात टॉवेल भिजवून पिळा आणि पाइपावर बाहेरून गुंडाळा. दर दोन-तीन मिनिटांनी बदला. बर्फाची कडी भिंतीपासून सुटली की ती एक तुकडा होऊन बाहेर येते.

7. वीज चालू करा, थर्मोस्टॅट वाढवा. एक्झॉस्टमधून वाफेचा जोरदार झोत निघतो का ते बाहेर जाऊन पाहा. पंधरा मिनिटं फर्नेस सलग चालली की आत या.

उकळतं पाणी, हीट गन, मीठ किंवा अँटिफ्रीझ वापरलं तर लवकर होईल ना?

पीव्हीसी व्हेंट पाइप साधारण 60 अंशांपर्यंत वापरायचा असतो. हीट गनची हवा काहीशे अंशांची असते. पाइप मऊ होतो, वाकतो आणि जोड सुटतात. सुटलेला जोड भिंतीच्या आतल्या बाजूला असेल तर विषारी वायू घरात. गॅसच्या टॉर्चबद्दल वेगळं सांगायला नको. हेअर ड्रायर चालेल, पण कमी उष्णतेवर, हात-दीड हात लांबून, आणि बर्फात तो खाली न ठेवता.

उकळतं पाणी पाइपाच्या तोंडात ओतलं की थोडं आत जातं, थोडं भिंतीवरून ओघळून पुन्हा गोठतं. मीठ आत गेलं की धातूचे भाग गंजतात. अँटिफ्रीझचा व्हेंट पाइपात काही उपयोग नाही, तो फर्नेसच्या नाल्यात जाऊन पडतो.

पाइप मोकळा केला, तरी फर्नेस पेटत नाही.

बहुतेक फर्नेस काही वेळा प्रयत्न फसल्यावर स्वतःला कुलूप लावून घेतात आणि एक ते तीन तास थांबतात. शेजारचा स्विच अर्धा मिनिट बंद करून पुन्हा चालू केला की कुलूप निघतं. दोनदा करून पाहा. त्यानंतरही अडली तर पुन्हा पुन्हा रीसेट करत बसू नका. बर्फ आत खोलवर असेल, नाहीतर पुढे सांगितलेल्या कंडेन्सेटच्या (फर्नेसमध्ये वाफेचं झालेलं पाणी) वाटेत पाणी तुंबलं असेल.

प्रेशर स्विचच्या दोन तारा जोडून फर्नेस चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बंद पाइपाने ज्वाळा पेटू नयेत यासाठी असलेला पहारेकरीच तुम्ही झोपवता. इनटेक पाइप फर्नेसपाशी सोडवून पाहणं ही टेक्निशियनची नेहमीची पहिली तपासणी असते. तसं केल्यावर फर्नेस चालली तर अडथळा इनटेकमध्ये आहे हे कळतं. पण एक्झॉस्ट कुणीही, कधीही घरात सोडवून चालवायचा नाही.

प्रेशर स्विच असताना कार्बन मोनॉक्साइडची भीती कशाला?

स्विच पूर्ण बंद पाइप पकडतो. अर्धवट बंद पाइप, परत आत ओढला जाणारा धूर, भिंतीआडचा तडकलेला जोड, हे त्याला दरवेळी कळेलच असं नाही. शिवाय घरात पाणी तापवणारी टाकी किंवा गॅस फायरप्लेस असेल तर त्यांचे व्हेंटही त्याच वादळात गाडले जातात.

अलार्म झोपण्याच्या खोल्यांजवळ हवाच. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात तो 2014 पासून कायद्याने लागतो. बेसमेंटमध्ये कुणी झोपत असेल तर तिथे वेगळा लावा. हे अलार्म लगेच ओरडत नाहीत: 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग) एक ते चार तास, 150 ला दहा ते पन्नास मिनिटं आणि 400 ला चार ते पंधरा मिनिटं, अशी त्यांची मानकं आहेत. म्हणून डोकेदुखी, मळमळ, गरगरणं घरातल्या दोघा-तिघांना एकदम होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर अलार्म गप्प असला तरी बाहेर पडा. बॅटरी बदलली तरी अलार्मचं आयुष्य संपतं. मागे छापलेली तारीख पाहा.

दर हिवाळ्यात आमचाच पाइप गोठतो, शेजाऱ्यांचा नाही. का?

एकदा वादळात गाडला गेला तर ते हवामान. दुसऱ्यांदा, वादळ नसताना गोठला तर बसवण्यात चूक आहे, आणि ती शोधता येते. पाच जागा तपासा.

उतार. आडव्या एक्झॉस्टला दर फुटाला पाव इंच उतार फर्नेसच्या दिशेने हवा. म्हणजे 12 फुटांच्या पाइपाचं भिंतीकडचं टोक फर्नेसकडच्या टोकापेक्षा 3 इंच वर. बेसमेंटमध्ये लेव्हल लावून हे कुणालाही पाहता येतं. बाहेर एक्झॉस्टच्या तोंडाला जाडजूड सुळा लटकत असेल तर पाणी मागे यायच्या ऐवजी पुढे वाहतं आहे. हँगर (पाइप टांगायचे आधार) लांब-लांब असले की पाइप मध्ये झोळीसारखा लोंबतो, तिथे पाणी साचतं आणि गुळगुळ आवाज येतो. साधारण चार-पाच फुटांवर एक आधार हवा. नेमका आकडा फर्नेसच्या पुस्तिकेत असतो.

दोन तोंडांमधलं अंतर आणि दिशा. एक्झॉस्टची वाफ घरापासून लांब फेकली गेली पाहिजे आणि इनटेक त्या झोताच्या खाली किंवा बाजूला हवा. घराच्या आतल्या कोपऱ्यात, डेकखाली किंवा कुंपणाला लागून दोन्ही पाइप असतील तर वाफ तिथेच घुटमळते. दोन टप्प्यांच्या (कमी आणि पूर्ण जोरावर चालणाऱ्या) फर्नेसमध्ये हा त्रास जास्त दिसतो, कारण कमी टप्प्यावर झोताला जोर नसतो आणि वाफ पाइपाच्या तोंडाशीच ओघळते. उपाय सहसा स्वस्त असतो: एक कोपर, हातभर पाइप आणि एक आधार वापरून एकाचं तोंड उंच किंवा दूर न्यायचं. एका पाइपात दुसरा बसवलेलं टोक असेल तर आतला पाइप पुस्तिकेत दिलाय तेवढा बाहेर आला आहे ना, ते बघून घ्या. आखूड राहिला की धूर परत आत येतो.

उंची. दोन्ही तोंडं अपेक्षित बर्फाच्या थरापेक्षा किमान 12 इंच वर हवीत. जमिनीपेक्षा नाही, बर्फापेक्षा. विक्रीच्या वेळी उघड्या लॉनवर 12 इंच दिसणारा पाइप जानेवारीत गाडला जातो. ड्राइव्हवेचा बर्फ त्याच बाजूला टाकत असाल तर ते आधी थांबवा.

न तापवलेली जागा. पाइप माळ्यातून, गॅरेजमधून किंवा घराखालच्या पोकळीतून जात असेल तर त्याला अर्धा ते एक इंच जाडीचं, बंद पेशींच्या फोमचं इन्सुलेशन हवं आणि प्रत्येक सांधा टेपने बंद. बाहेर उभा चढवलेला लांब पाइपही यातच मोडतो. थंडीत उघडा राहिलेला प्रत्येक फूट आणखी पाणी धरतो.

फर्नेसचं चालणं. गरजेपेक्षा मोठी फर्नेस चार-पाच मिनिटं पेटते आणि थांबते. पाइप धड गरम होत नाही, आतलं पाणी मात्र गोठतं. रात्री तापमान सहा-सात अंशांनी खाली आणायची सवय असेल तर उणे 25 च्या खाली ती काही दिवस सोडा. तासन्‌तास बंद राहिलेल्या फर्नेसचा पाइप पहाटे गोठलेला सापडतो.

पक्षी, उंदीर जाऊ नयेत म्हणून जाळी लावली आहे. ठेवू का?

हिवाळ्यात काढा. जाळीच्या प्रत्येक छिद्रावर दंव धरतं आणि काही तासांत तिची पांढरी भिंत होते. उत्पादकाने दिलेली मोठ्या भोकांची इनटेक जाळी असेल तर निदान दर थंड सकाळी पाहा. एक्झॉस्टवर कुठलीच घरगुती जाळी नको.

पाइपाला हीटिंग केबल गुंडाळली तर?

व्हेंट पाइपाला नको, आतून तर मुळीच नको. फर्नेस उत्पादकांना ते मान्य नसतं आणि प्लास्टिकवर एका जागी उष्णता साठली तर पाइप खराब होतो. उतार आणि अंतर सुधारायला लागणारा खर्च त्याहून फार नसतो. कंडेन्सेटची नळी मात्र थंड जागेतून नेण्यावाचून इलाज नसेल, तर त्या कामासाठी मान्य असलेली, स्वतः तापमान सांभाळणारी केबल चालते.

फर्नेसखाली पाणी साचलंय, बाहेरचे पाइप स्वच्छ आहेत. हे काय?

कंडेन्सेटची वाट बंद आहे. फर्नेसमधलं पाणी एका ट्रॅपमधून (थोडं पाणी धरून ठेवणारा वाकडा तुकडा) नळीने नाल्यात किंवा छोट्या पंपात जातं. हे पाणी आम्लधर्मी असतं आणि त्यात चिकट गाळ धरतो. नळी बाहेर किंवा गॅरेजच्या भिंतीतून काढली असेल तर ती गोठते. पाणी मागे चढलं की प्रेशर स्विच उघडतो, आणि कोड अगदी बंद पाइपासारखाच दिसतो. कित्येक जण म्हणूनच बाहेरच्या स्वच्छ पाइपाशी झटत बसतात.

नळी सोडवून कोमट पाण्याने धुवा, ट्रॅप काढता येत असेल तर धुऊन पाण्याने भरून परत बसवा. रिकामा ट्रॅप बसवला तर फर्नेस पुन्हा अडते. पंप असेल तर त्यात पाणी ओतून तो सुरू होतो का पाहा. हे काम दर सप्टेंबरात एकदा केलं की पुरतं.

टेक्निशियन म्हणतो प्रेशर स्विच बदला, किंवा नवी फर्नेसच घ्या.

स्विच बिघडतो, पण पाइप गोठण्याशी त्याचा संबंध नाही. टेक्निशियनला तीन गोष्टी विचारा: उतार मोजला का, मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) लावून दाब पाहिला का, आणि पाइपाची एकूण लांबी व कोपरांची संख्या पुस्तिकेच्या तक्त्यात बसते का. उत्तरं न मिळाल्यास दुसरा माणूस बोलवा. नवी फर्नेस त्याच चुकीच्या पाइपाला जोडली तर पुढच्या जानेवारीत तीही अडेल. कॅनडात व्हेंटच्या कामाला एस636 (व्हेंट पाइपांचं तिथलं मानक) छापलेलाच पाइप आणि त्याच कंपनीचे कोपर व सिमेंट लागतं, आणि ओंटारिओत हे काम करणाऱ्याकडे टीएसएसए या प्रांतिक सुरक्षा संस्थेचा गॅस टेक्निशियनचा परवाना हवा. हार्डवेअरच्या दुकानातला नळाचा पाइप घेऊन हे घरी करू नका.

टेक्निशियन उद्या येणार. आजची रात्र कशी काढायची?

एका खोलीत एकत्र राहा, दार लावा. 1500 वॉटचा विजेचा हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशनला नाही, आणि पडदे-पांघरुणांपासून तीन फूट लांब. एका सर्किटवर एकच हीटर. गॅसची शेगडी, ओव्हन, बार्बेक्यू किंवा कोळसा घर तापवायला वापरायचा नाही. सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवा. घराचं तापमान शून्याकडे जायला लागलं तर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ रिकामे करा.

डिसेंबरात महिनाभर भारतात जातोय. काय करून जावं?

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, थर्मोस्टॅट 15 अंशांच्या खाली ठेवू नका आणि तापमान घसरल्यावर फोनवर सूचना देणारा सेन्सर लावा. किल्ली अशा माणसाकडे द्या जो बर्फ पडल्यावर खरंच जाऊन पाइप पाहील. त्याला दोन्ही पाइपांचा फोटो पाठवून ठेवा. घराच्या विम्याचे कागद जाण्याआधी वाचा. घर रिकामं असताना ठरावीक दिवसांनी कुणी पाहून गेलं नसेल तर गोठून फुटलेल्या नळाचा दावा नाकारण्याची अट बऱ्याच पॉलिसींत असते.

आम्ही बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. पाइप साफ करणं आमचं काम आहे का?

दुरुस्ती घरमालकाची. ओंटारिओच्या प्रांतिक मानकानुसार 1 सप्टेंबर ते 15 जून घरात किमान 20 अंश उष्णता राहिली पाहिजे. शहराचा स्वतःचा नियम असेल तर तो लागू होतो. फर्नेस बंद पडली की फोन करून थांबू नका, तापमानाच्या फोटोसह लेखी मेसेज टाका. पाइपाभोवतीचा भुसभुशीत बर्फ मात्र स्वतःच बाजूला करा, कारण फर्नेसच्या सगळ्यात जवळ तुम्हीच झोपता.

फोडणीच्या वेळी मोठा हूड (शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा) लावला की जळका वास येतो. त्याचा याच्याशी संबंध आहे?

दोन पाइपांची फर्नेस बंदिस्त असते, हूडचा तिच्यावर परिणाम होत नाही. पण पाणी तापवणारी टाकी साध्या धातूच्या चिमणीला जोडलेली असेल तर जोरदार हूड घरातली हवा उपसतो आणि चिमणीतला धूर उलटा खाली येतो. हूड चालवताना एखादी खिडकी बोटभर उघडा आणि टाकी तपासून घ्या. जुनी फर्नेस काढून कंडेन्सिंग बसवल्यावर टाकी एकटीच त्या रुंद चिमणीवर राहिली असेल तर हा धोका वाढतो. चिमणी थंड राहते आणि तिच्या टोपीवरही बर्फ धरतो.

छतावरचा काळा पाइप गोठला आहे आणि बाथरूममध्ये गटाराचा वास येतोय.

तो फर्नेसचा नाही, सांडपाण्याच्या नळांना हवा देणारा पाइप आहे. ऊन पडलं की बहुधा आपोआप सुटतो. तोवर सगळ्या जाळ्यांत, विशेषतः न वापरलेल्या शॉवरच्या जाळीत, तांब्याभर पाणी ओता. दरवर्षी होत असेल तर माळ्यातला त्याचा भाग इन्सुलेट करून घ्या आणि छतावरचं टोक जास्त व्यासाचं करता येईल का ते प्लंबरला विचारा.